पावसाळ्यातला ताप: पहिल्या दिवसापासून घरात काय करायचं

जुलै ते ऑक्टोबर या काळात ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या घराला एक तरी ताप सहसा चुकत नाही. बहुतेक ताप साधे व्हायरल असतात, चार-पाच दिवसांत आपले आपण जातात. पण त्याच गर्दीत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) आणि टायफॉइडही येतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचं रूप एकच असतं: अंग मोडून येणं, डोकं ठणकणं, तोंडाची चव जाणं. डॉक्टरांनाही त्या दिवशी नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा निदानाची जबाबदारी घरच्यांनी अंगावर घेऊच नये. घरच्यांनी दिवस मोजावेत, लिहून ठेवावं आणि वेळेत दवाखाना गाठावा. या तीन गोष्टी नीट झाल्या तर पुढचं डॉक्टरांना सोपं जातं. खालची सगळी माहिती त्यासाठी आहे. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

पाऊस सुरू होण्याआधी: एक डबा आणि एक वही

औषधांचा डबा प्रत्येक घरात असतो, पण त्यात निम्म्या गोळ्या मुदत संपलेल्या आणि उरलेल्या अर्धवट कोर्सच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एकदा जमिनीवर उपडा करा. अँटिबायोटिकच्या उरलेल्या पट्ट्या काढून टाका. "मागच्या वेळी याने बरं वाटलं होतं" म्हणून त्या परत घेतल्या जातात आणि पुढच्या तपासण्यांचा घोळ होतो.

डब्यात हवं ते एवढंच: चालू असलेला डिजिटल थर्मामीटर (सेल तपासून), पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या, लहान मूल असेल तर त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटॅमॉलचं सिरप, ओआरएसची चार-पाच पाकिटं आणि घरात कोणाला बीपी असेल तर बीपीचं मशीन. पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो निवृत्त करा. फुटला की पारा गोळा करताना पुरेवाट होते.

ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला आहे का ते बघा. टेट्रापॅकमधली गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली खपत होती. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी केमिस्टकडे नुसतं "ओआरएस द्या" न म्हणता पावडरचं पाकीट मागावं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं, छोटं २०० मिलीत. कुठलं किती पाण्यात, हे पाकिटावर असतंच. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून द्यायची चूक फार घरांत होते, आणि ती लहान मुलाला महागात पडू शकते. कालवलेलं ओआरएस २४ तासांनंतर ओतून द्या.

वही म्हणजे शाळेची जुनी, उरलेल्या कोऱ्या पानांची वही चालेल. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, वजन, रक्तगट, चालू असलेली औषधं आणि कशाची अॅलर्जी आहे ते लिहा. आजी-आजोबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते लाल शाईने. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण ज्याचा मोबाइल आहे तोच तापाने पडला की पासवर्ड कोणाला माहीत नसतो.

रविवारी अर्धा तास: घरातलं पाणी

संध्याकाळ झाली की खाडीकडच्या बाजूला, नाल्याशेजारी किंवा नवी मुंबईतल्या होल्डिंग पाँडच्या (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांच्या) जवळ डासांचे थवेच्या थवे येतात आणि सगळी सोसायटी महापालिकेच्या नावाने खडे फोडते. तक्रार रास्त आहे. पण घाण पाण्यातले ते डास प्रामुख्याने क्युलेक्स जातीचे असतात. ते हत्तीरोग पसरवतात, डेंग्यू नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो (सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त) आणि जन्मल्या जागेपासून फार लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस बहुधा तुमच्याच बाल्कनीतला, नाहीतर शेजारच्या घरातला.

त्याचं अंडं ते डास हे चक्र साधारण सात ते दहा दिवसांत पुरं होतं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी केली की ते मोडतं. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या हजर. म्हणून पिंपाची, बादलीची आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासायची आणि मग भरायची.

बघायच्या जागा: फ्रिजच्या मागे खाली असलेला ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, कुंडीखालची ताटली, न वापरलेल्या संडासातला कमोड, कबुतरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, बाल्कनीत ठेवलेली सायकल आणि तिच्यावरच्या प्लास्टिकच्या घड्या. आणि मनी प्लांटची बाटली. ती उजेडात धरून जरा टिचकी मारा. तळाशी गेलेले आणि वळवळत पुन्हा वर येऊन डोकं खाली, शेपटी वर करून पृष्ठभागाला तिरके लटकणारे बारीक धागे दिसले, तर त्या एडिस किंवा क्युलेक्सच्या अळ्या. मलेरियाच्या अॅनोफिलिस डासाच्या अळ्या पाण्याला समांतर, आडव्या पडून असतात. जात ओळखता आली नाही तरी काही बिघडत नाही, बाटली रिकामी करा. मनी प्लांट मातीत छान वाढतो.

घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकरवर आहेत तिथे घरटी पिंपं आणि ड्रम भरून ठेवलेले असतात. त्यांना रिकामं ठेवा म्हणून सांगणं हा दुष्टपणा होईल. घट्ट झाकण लावा, झाकण नसेल तर सुती कापड ताणून दोरीने बांधा, आणि ड्रम पाळीपाळीने रिकामे करून घासा. मलेरियाचा शहरी डास गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामाच्या जागी साठलेलं पाणी पसंत करतो. त्यामुळे टाकीचं झाकण बसतंय का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, हे सेक्रेटरींनी वॉचमनवर न सोपवता स्वतः गच्चीवर जाऊन बघावं. शेजारी टॉवरचं काम चालू असेल तर तळघरात साठलेल्या पाण्याचा फोटो काढून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या.

फवारणीचा धूर झाला की लोकांना हायसं वाटतं. तो धूर उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना नाही. दोन दिवसांनी नवे डास बाहेर येतात.

गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्यांनी निघायच्या दिवशी एक फेरी मारावी. घर आठ-दहा दिवस बंद, बादल्या भरलेल्या, कमोड उघडे: डासांना लागतात तेवढेच दिवस आपण त्यांना देऊन जातो. बादल्या पालथ्या घाला, कमोडचं झाकण बंद करून बेसिन आणि बाथरूमच्या जाळीवर काहीतरी ठेवा.

ताप आला: पहिला दिवस

थर्मामीटर लावा. हात लावून "कढत लागतंय" हे माप नव्हे. १००.४ फॅरनहाइट आणि त्यावर म्हणजे ताप. काखेत मोजलेलं तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी भरतं, तेव्हा कुठे मोजलं तेही लिहा.

मग वहीत नवीन पान. वर रुग्णाचं नाव आणि ताप सुरू झाला ती तारीख व वेळ. हा दिवस पहिला. पुढच्या सगळ्या तपासण्या, रिपोर्ट आणि धोक्याची वेळ याच आकड्यावर ठरते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्नही "कधीपासून?" हाच असतो. त्यावर "दोन-तीन दिवस झाले असतील" हे उत्तर काही कामाचं नाही. पान असं दिसेल:

"दिवस २, बुधवार. सकाळी ७: १०२.२, काख. पॅरासिटॅमॉल ५००. ९ वाजता १००. पेज अर्धी वाटी, नारळपाणी १. उलटी १. लघवी सकाळपासून २ वेळा, पिवळी. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते. पुरळ नाही."

एवढंच. लघवीचा हिशोब लोकांना ओशाळवाणा वाटतो, पण अंगात पुरेसं पाणी जातंय का हे घरच्या घरी कळण्याचा त्याहून सोपा मार्ग नाही. मोठ्या माणसाला किंवा मुलाला सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही तर डॉक्टरांना कळवा.

त्याच पानावर मागच्या महिनाभरातली हकिगत लिहा: गावाला गेलो होतो का, पुराच्या पाण्यातून चाललो का, शेतात-गवतात काम केलं का, सोसायटीत किंवा ऑफिसात कोणाला डेंग्यू निघालाय का.

पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे ते असे: तीन महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई, ज्यांना किडनीचा, हृदयाचा, कॅन्सरचा आजार आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, आणि एकटे राहणारे ज्येष्ठ. बाकीच्यांनी ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांकडे जावं. अंगावर काढू नये.

रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यूच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो; रुग्णाला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्याला आजारी पाडू शकतो. एका घरात पाठोपाठ तीन ताप निघतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

पॅरासिटॅमॉल: किती, कधी, कुठल्या बाटलीतून

पावसाळ्यातल्या कुठल्याही तापाला, डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत, घरात फक्त पॅरासिटॅमॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन नको. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीवर केमिस्ट देतो त्या "कॉम्बिनेशन"च्या गोळ्यांत यातलंच काहीतरी मिसळलेलं असतं, तेव्हा पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या गोळ्यांत तर बहुतेक वेळा पॅरासिटॅमॉलच असतं. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी असं घेतलं की नकळत दुप्पट डोस जातो.

आजोबा हृदयासाठी रोज अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि डॉक्टरांना न सांगता चालूही ठेवू नका. त्याच दिवशी फोन करून विचारा.

मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. दारू पिणाऱ्यांनी आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. खरा गोंधळ बाटलीत आहे. बाजारात एकाच औषधाच्या तीन ताकदी मिळतात: ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप, ५ मिलीत २५० चं सिरप, आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स, ज्यात १ मिलीतच १०० असतात. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम लागतं. १२० च्या बाटलीतून ते ५ ते साडेसात मिली होतं, २५० च्या बाटलीतून अडीच ते साडेतीन मिली, आणि ड्रॉप्समधून सव्वा ते पावणेदोन मिली. "पाच मिली दे" असं फोनवर सांगणाऱ्या आईच्या मनात एक बाटली असते आणि घरी आजीच्या हातात दुसरी. बाटलीवर मार्करने मुलाचं नाव आणि मिली लिहून ठेवा, आणि मापायला सोबतची टोपी किंवा सिरिंज घ्या. घरातले चमचे कुठल्याच मापाचे नसतात. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

ताप ९८ वर आणायचाच असा हट्ट नको. पोर खेळतंय, पाणी पितंय आणि ताप १०१ आहे, तर गोळीची घाई कशाला? अंग पुसायचं तर नळाच्या साध्या पाण्याने. बर्फाने हुडहुडी भरून ताप उलट वाढतो. कपाळावरच्या पट्ट्यांनी बरं वाटतं, जरूर ठेवा. तीन-तीन गोधड्या मात्र काढा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना कधी कधी तापात आकडी येते. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काहीही घालू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

कोणती तपासणी कुठल्या दिवशी

लॅबवाल्यांचं "फीवर पॅकेज" पहिल्याच दिवशी करून लोक मोकळे होतात. पैसे जातात आणि हाती येतो तो "सगळं नॉर्मल" असा रिपोर्ट, ज्याच्या भरवशावर पुढचे चार दिवस घरात बसलं जातं. प्रत्येक तपासणीचा आपला दिवस असतो.

डेंग्यूची एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. पाचव्या दिवसापासून आयजीएम (शरीराने नव्याने तयार केलेली अँटिबॉडी) दिसू लागते. म्हणून सहाव्या दिवशी केलेली एनएस१ निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमलाही नाही. झटपट कार्डावर होणारी टेस्ट खरा डेंग्यू असूनही चुकू शकते. लॅबमध्ये होणारी एलायझा जास्त भरवशाची. नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुधा तो जुन्या डेंग्यूचा माग.

मलेरियाची रक्ततपासणी कुठल्याही तापात पहिल्या भेटीतच करावी, औषध सुरू व्हायच्या आधी. थंडी वाजून, घाम येऊन ताप उतरतोय आणि एक दिवसाआड परत येतोय असं असेल तर एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुन्हा करा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतं.

टायफॉइडसाठी विडाल टेस्ट अजून सर्रास होते. पहिल्या आठवड्यात तिचा फारसा उपयोग नाही, आणि पूर्वीच्या आजारामुळे किंवा लसीमुळे ती उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते. ताप रोज चढत जातोय, पोट बिघडलंय असं असेल तर डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) विचारा. ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं बरं. घरी आधीच कुठली गोळी सुरू केली असेल तर लपवू नका.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मात्र पहिल्या भेटीत एकदा करून ठेवण्यासारखी, कारण पुढच्या रिपोर्टशी तुलना करायला एक मूळ आकडा हातात राहतो. लोक त्यात फक्त प्लेटलेट शोधतात. माझं म्हणणं, त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) अशी ओळ असते, तिच्याखाली रेघ मारा. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्यामुळे. रक्त दाट होतं आणि बीपी पडतं. रक्त दाट झालं की पीसीव्ही वाढतं. ४० वरून ४८ झालं आणि त्याच वेळी प्लेटलेट झरझर उतरल्या, तर तो डॉक्टरांना तातडीने दाखवायचा रिपोर्ट. नुसत्या प्लेटलेट ९० हजार झाल्या, माणूस खातोय-पितोय, रक्तस्राव नाही, तर घाबरून रक्तपेढ्यांचे नंबर फिरवायची गरज नसते. प्लेटलेट चढवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील; रक्तस्राव नसेल तर साधारणपणे त्या १० हजारांच्या खाली गेल्यावरच तो विचार होतो. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांच्या मागे धावण्यात गेलेला वेळ पाणी पाजण्यात घालवावा. पपईचा कडू रस पिऊन उलट्या झालेला रुग्ण आणखी कोरडा पडतो.

पाजायचं काय

डेंग्यूवर वेगळं औषध नाही, वेळेवर आणि पुरेसं पाणी हाच उपचार. मोठ्या माणसाला दिवसभरात दोन ते अडीच लिटर, थोडं थोडं करून. निव्वळ पाणी पाजत राहू नका, त्यात मीठही जायला हवं: मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, लिंबूसरबत, नारळपाणी, ओआरएस. उलटी होत असेल तर दर पाच मिनिटांनी दोन चमचे. पेला भरून पुढे ठेवला की तो तसाच राहतो. लहान फुलपात्र हातात द्या आणि समोर बसा. डायबेटिसवाल्यांनी सरबतात साखर टाळावी, साखर दिवसातून जास्त वेळा तपासावी आणि जेवण कमी झालं तर इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं. हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या रुग्णांना हा अडीच लिटरचा हिशोब लागू नाही.

कोकम सरबत, सोलकढी, बीट, डाळिंब, लाल रंगाची पेयं या दिवसांत नकोत. त्यात वाईट काही नाही, पण उलटी लाल झाली तर ते रक्त की कोकम हे रात्री दोन वाजता कोणाला कळणार?

"डॉक्टर, एक सलाईन लावून टाका, तरतरी येईल" हा आग्रह सोडा. तोंडाने पाणी जातंय तोवर सलाईनची गरज नसते, आणि डेंग्यूत गरजेपेक्षा जास्त सलाईन फुप्फुसात पाणी साठवू शकते.

ताप उतरला, आता जास्त लक्ष

इथेच बहुतेक घरं गाफील राहतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डेंग्यूचा ताप उतरतो. सगळ्यांना हुश्श वाटतं, ऑफिसला जायची भाषा सुरू होते, वही बंद होते. डेंग्यूत गुंतागुंत व्हायची असेल तर ती याच वेळी, ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत होते. साध्या तापात ताप उतरला की माणूस टवटवीत होतो. ताप उतरला आणि माणूस जास्तच मलूल झाला, तर समजावं की काहीतरी बिनसलंय.

हे दोन दिवस वहीत थर्मामीटरच्या आकड्याऐवजी पुढचं बघा. पोटात सतत दुखतंय का. एका तासात पुन्हा पुन्हा उलट्या होतायत का. हिरड्यांतून, नाकातून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, काळी शी, बाईला नेहमीपेक्षा जास्त पाळी. हातपाय गार आणि ओलसर. उभं राहिल्यावर चक्कर. श्वास लागणं. मूल चिडचिड करतंय किंवा उठवलं तरी झोपतंय. घरात बीपीचं मशीन असेल तर वरच्या आणि खालच्या आकड्यांमधलं अंतर बघा: ११० वर ९० आलं तर वरचा आकडा बरा दिसला तरी फसू नका, अंतर २० किंवा त्याहून कमी हे धोक्याचं चिन्ह आहे. यातलं एकही दिसलं की रिपोर्टची वाट न पाहता हॉस्पिटल.

आणि ते दिवसाउजेडी ठरवा. पाऊस कोसळत असताना संध्याकाळी घोडबंदर रोडवरून कळव्याला जायचं म्हणजे काय, हे ठाणेकरांना सांगायला नको. संशय वाटला की दुपारीच निघा. ठाणे महापालिकेचं मोठं रुग्णालय कळव्यात आहे, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरुळ आणि ऐरोलीला आहेत. खासगीत जायचं तर पावसाळ्याआधीच दोन ठिकाणी विचारून ठेवा: रात्री लॅब चालू असते का, आयसीयू आहे का, तुमचा मेडिक्लेम चालतो का. १०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत आहे. जाताना वही, सगळे रिपोर्ट आणि औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घ्या.

गुडघाभर पाण्यातून आलात तर

वंदना एसटी स्टँडच्या परिसरात दर पावसाळ्यात पाणी साठतं, आणि घरी जायला दुसरा रस्ता नसतो. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं. पायावरच्या चिरेतून, जखमेतून लेप्टोचे जंतू अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली होती. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा, जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. व्हॉट्सअॅपवर गोळीचं नाव आलं म्हणून घेऊ नका. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालतेच असं नाही.

पाण्यातून चालल्यानंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या हात लावू देईनात इतक्या दुखतायत, डोळे लाल आहेत किंवा लघवी कमी झालीय, तर डॉक्टरांना आधी पुराची गोष्ट सांगा. लेप्टोवर अँटिबायोटिक आहे आणि लवकर सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका.

बरं वाटल्यावर

डेंग्यूनंतर दोन-तीन आठवडे थकवा राहतो. बरं होताना हातापायांना खाज सुटते, लालसर पुरळ येतं, त्याने घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि मग तेलं बदलण्याचा खटाटोप सुरू होतो. मोठ्या तापानंतर हे होतंच, केस परत येतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे "मला एकदा झालाय, आता होत नाही" हे खरं नाही. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. आधी होऊन गेला असेल तर वहीच्या पहिल्या पानावर त्याचं वर्ष लिहा.

चिकनगुनिया झाला असेल तर सांधे महिनोन्महिने धरलेले राहू शकतात. हलका व्यायाम चालू ठेवा, आणि डेंग्यू नाही हे नक्की झाल्यावरच दुखण्याच्या इतर गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया निघाला तर तीन दिवसांत ताप जातो, पण गोळ्या संपत नाहीत. जंतू लिव्हरमध्ये दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा थंडी वाजून ताप येतो. ते काढायला प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. ती सुरू करण्याआधी डॉक्टर जी६पीडी हे रक्तातलं एन्झाइम तपासायला सांगतील, गरोदर बाईला ती देत नाहीत. चौथ्या दिवसापासून रुग्ण ठणठणीत असल्यामुळे पाचव्या दिवशी गोळी विसरते, आठव्या दिवशी पट्टी ड्रॉवरमध्ये जाते. कॅलेंडरवर चौदा चौकोनांना गोल करा आणि गोळी घेतल्यावर रोज एक खोडा.